मार्गिकेची शिस्त

तुमच्यापैकी काहीजण वाहनचालक असतील, काही चालक होण्याच्या तयारीत असतील, तर बरेचजण बसने किंवा जीपने महामार्गावरून प्रवास करीत असतील. तेथे आपल्या पुढेमागे धावणाऱ्या माणसांची नावे आपणांस ठाऊक नसतात. तरीही आपला जीव त्यांच्या हाती असतो आणि त्यांचा आपल्या हाती. या अनोळखी माणसांना एकमेकांवर विश्वास ठेवता यावा, म्हणून वेगमर्यादा आणि मार्गिकांचे नियम केलेले आहेत.

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाचेच उदाहरण घेऊ. सुमारे ९५ किलोमीटर लांबीचा हा मार्ग २००२ साली वाहतुकीस पूर्णपणे खुला झाला. जाण्यासाठी तीन आणि येण्यासाठी तीन अशा त्याच्या सहा मार्गिका आहेत. दुचाकी व तीनचाकी वाहनांना येथे प्रवेश नाही.

मार्गिका कशासाठी?

आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे सर्वांत डावी मार्गिका ट्रकसारख्या जड व संथ वाहनांची आणि मधली मोटारींची होय. सर्वांत उजवी मार्गिका केवळ पुढील वाहनाला ओलांडण्यासाठी असते. ओलांडून झाले की पुन्हा मधल्या मार्गिकेत परतावे.

हा नियम मोडला तर काय होते? समजा, एखादा ट्रक उजव्या मार्गिकेतून संथपणे चालला आहे. मागचा मोटारचालक डिपर देतो, हॉर्न वाजवतो आणि अखेरीस कंटाळून डावीकडून पुढे घुसतो. ट्रकचालक उजव्या बाजूस बसलेला असतो. आपल्या डाव्या अंगास, अगदी जवळ आलेले लहान वाहन त्याला आरशातही दिसेलच असे नाही. त्याच क्षणी त्याने ट्रक डावीकडे घेतला, तर अनर्थ ओढवतो. येथे वाट अडविणारा आणि उतावळेपणा करणारा असे दोघेही दोषी ठरतात.

मार्गिका बदलण्यापूर्वी आरशात पाहावे, इंडिकेटर द्यावा, मागून येणाऱ्यास तो दिसेल इतका वेळ थांबावे आणि मगच वळावे.

वेगाचे गणित

या महामार्गाच्या सपाट भागात मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटर ही वेगमर्यादा ठरविलेली आहे. ९० किलोमीटर अंतर या वेगाने ५४ मिनिटांत तोडता येते. वेग १२० केला तर ४५ मिनिटे लागतात. म्हणजे वाचतात ती अवघी नऊ मिनिटे!

त्यासाठी काय पणाला लागते तेही पाहू. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तेवढे अंतर मागे पडलेले असते. त्यापुढे वाहन थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होते. वेग १०० वरून १२० वर नेला की ते जवळजवळ दीडपट होते.

म्हणून पुढच्या वाहनापासून किमान तीन सेकंदांचे अंतर ठेवावे. पुढचे वाहन एखाद्या खांबापाशी पोहोचले की सावकाश एक, दोन, तीन असे मोजावे. तीन म्हणण्याआधीच आपण त्या खांबापाशी आलो, तर आपण फार जवळ आहोत असे समजावे. पावसात व धुक्यात हे अंतर दुप्पट करावे.

घाटातील सावधानता

खंडाळ्याजवळील बोरघाटात वेगमर्यादा कमी केलेली आहे. उतारावर डिझेल वाचविण्यासाठी काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. मग गाडीचा सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात व निकामी होतात. उतारावर खालचा गिअर ठेवावा, म्हणजे इंजिनच वेगाला आवर घालते. थोड्या डिझेलसाठी स्वतःचा आणि पुढे चाललेल्या कुटुंबाचा जीव धोक्यात घालणे हा कसला हिशेब?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार वेगमर्यादा ओलांडणे हा गुन्हा आहे. परंतु पोलीस नसलेल्या रस्त्यावरही जो नियम पाळतो, तोच खरा चालक. आपण प्रवासी असलो तरी चालकाला 'जरा हळू चालवा' असे नम्रपणे सांगणे हे आपले कर्तव्य आहे. घरी कोणीतरी आपली वाट पाहत असते. तसेच शेजारच्या मार्गिकेतील माणसाचीही.

शब्दार्थ

मार्गिका – रस्त्यावरील आखलेला पट्टा
अनर्थ – मोठे संकट
पणाला लागणे – धोक्यात येणे

स्वाध्याय

१. उजव्या मार्गिकेचा उपयोग कोणता?
२. वाहन उताराला न्यूट्रलमध्ये का चालवू नये?
३. तुम्ही प्रवास करीत असलेल्या बसचा चालक वेगमर्यादा ओलांडत आहे. तुम्ही त्याला काय सांगाल? पाच-सहा वाक्यांत लिहा.