पहाडी नदीचे पाणी आणि नावाडी

पर्वतातून उतरणारी नदी आणि सपाटीवरील नदी यांतील भेद केवळ वेगाचा नाही. सपाटीवरचा नावाडी काठ, खोली आणि वारा यांकडे पाहतो. पहाडी नदीत वल्हे धरणाऱ्यास मात्र पाण्याचा पृष्ठभाग वाचता यावा लागतो. कारण तळाशी काय दडले आहे, याची खूण तेथे वरच उमटलेली असते.

अशा नद्यांवर चालणाऱ्या लहान होड्या मूळच्या उत्तरेकडील लोकांच्या. कनू ही उत्तर अमेरिकेतील आदिवासींची, भूर्जाच्या सालीची उघडी होडी. तिचे वल्हे एकाच टोकास पाते असलेले. कयाक ही इन्युइट लोकांची, कातड्याने मढविलेली व वरून झाकलेली. तिच्या वल्ह्याला दोन्ही टोकांस पाती. आपल्याकडे हृषीकेशच्या वर गंगेवर यांच्या जोडीने हवा भरलेले रबरी तराफेही दिसतात. देवप्रयागला भागीरथी व अलकनंदा एकत्र आल्यावर नदी डोंगरांच्या अरुंद घळीतून वाहते. कौडियाला ते शिवपुरी या टप्प्यात तिच्यात द्रुतवाह, म्हणजे खडकाळ उतारावरील खळाळते प्रवाह, पुष्कळ आहेत. एडमंड हिलरी यांची १९७७ सालची मोहीम समुद्रापासून यांत्रिक होड्यांनी येथूनच वर गेली आणि पुढे नंदप्रयागजवळील धबधब्यापाशी अडली.

प्रवाहाच्या मध्ये खडक असेल तर पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी फाकते. त्यामुळे प्रवाहाच्या वरच्या दिशेस टोक केलेला कोन पृष्ठभागावर दिसतो. दोन खडकांमधून मोकळी वाट असेल, तर गुळगुळीत पाण्याची जीभ खालच्या दिशेस टोक करते. नावाडी हीच जीभ शोधीत असतो. खडकाच्या पाठीमागे पाणी शांत असते, किंबहुना हळूहळू उलट, खडकाकडे वाहते. तेथे होडी वळवून घेतली म्हणजे भर प्रवाहातही थांबून पुढचा मार्ग पाहता येतो. नवशिक्यास वेगाने खाली जाण्याचे कौतुक असते. जाणता नावाडी थांबण्याच्या जागा आधी हेरतो.

पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ही गोष्ट येथे जिवावर बेतणारी आहे. वेग सेकंदास १ मीटर असता, पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या अर्ध्या चौरस मीटर अंगावर ढोबळ मानाने २५ किलोग्रॅम वजनाइतका दाब पडतो. वेग ३ मीटर झाला की तोच दाब सव्वादोनशे किलोग्रॅमच्या घरात जातो. म्हणून होडीतून पडलेल्याने वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय दोन दगडांत अडकला, तर प्रवाह माणसास पुढे वाकवून पाण्याखाली दाबून धरतो. मग कमरेइतके पाणीही बुडविण्यास पुरेसे होते. पाठीवर तरंगावे, पाय प्रवाहाच्या दिशेस व पृष्ठभागाशी ठेवावेत, आणि काठाकडे सरकत राहावे. आडव्या पडलेल्या झाडापासून तर दूरच असावे. त्याच्या फांद्यांतून पाणी जाते, माणूस जात नाही.

याहून फसवा प्रकार बंधाऱ्याखाली आढळतो. वरून पडणारे पाणी तळाशी बुडी मारते आणि काही अंतरावर वर येते. त्यातील काही भाग पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडे फिरतो. या चक्रात सापडलेली वस्तू पुनःपुन्हा पडत्या धारेखाली ओढली जाते. फेसात हवा मिसळलेली असल्याने ते पाणी नेहमीइतके तोलूनही धरीत नाही. नैसर्गिक पायरी वेडीवाकडी असल्याने तिच्या चक्राला कोठे तरी फट राहते. माणसाने बांधलेला बंधारा काठापासून काठापर्यंत एकसारखा असतो, म्हणून दिसण्यात निरुपद्रवी असूनही तो अधिक घातक ठरतो.

द्रुतवाहांच्या अवघडपणाच्या सहा श्रेणी आंतरराष्ट्रीय पद्धतीत मानल्या आहेत. परंतु पाणी चढले किंवा उतरले की त्याच जागेची श्रेणी बदलते. हिमनद्यांवर पोसलेल्या नदीत दुपारच्या उन्हाने वितळलेले बर्फ काही तासांनी खाली पोहोचते. सकाळी सुलभ वाटलेला उतार संध्याकाळी तसा राहीलच असे नाही, आणि पात्रातील वाळूवर तंबू ठोकणाऱ्यांनीही हे ध्यानी धरावे. पावसाळ्यात हृषीकेशचा नौकाविहार बंदच ठेवतात.

धरणांनी या हिशोबात आणखी एक गोष्ट घातली आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यातील थलौटजवळ बियास नदीच्या पात्रात उतरलेले चोवीस विद्यार्थी, वरील लारजी धरणातून सोडलेल्या पाण्याने वाहून गेले. ते होडीत नव्हते. खडकांवर उभे होते. आकाश निरभ्र असले तरी धरणाखालील नदी चढू शकते. तेव्हा पात्रात पाऊल टाकण्यापूर्वी वर धरण आहे काय आणि पाणी केव्हा सुटते, हे स्थानिकांस विचारावे.

हेच सोडलेले पाणी अन्यत्र खेळाला आधार देते. महाराष्ट्रात कोलाडनजीक कुंडलिका नदीवर तराफे चालतात ते भिरा येथील, १९२७ साली सुरू झालेल्या वीजगृहातून येणाऱ्या पाण्यावर. मुळशीच्या जलाशयातील पाणी घाटमाथ्यावरून नळांतून खाली येते, चक्रे फिरविते आणि मग नदीत सोडले जाते. तेथील नावाडी म्हणूनच पाणी सुटण्याची वेळ पाहून होड्या काढतात. पाणी थांबले की द्रुतवाहांच्या जागी नुसते गोटे उघडे पडतात.