मायनरचा रकाना आणि मामांचं शहाळं

गेल्या वर्षी बार्शीला मामांच्या फ्रिजवर एक फुलस्केप कागद चिकटवलेला होता. वर लाल पेनाने ‘मामांचा आहार’ आणि खाली माझी सही. सहीची काही गरज नव्हती, पण डॉक्टर करतात तशी वळणदार सही मी अकरावीपासून गिरवून ठेवली होती, ती कुठंतरी वापरायचीच होती. सकाळी शहाळ्याचं पाणी. अकरा वाजता केळं. जेवणात टोमॅटोची कोशिंबीर आणि पालेभाजी भरपूर. नेहमीचं मीठ बंद, त्याऐवजी कमी सोडियमचं मीठ. मामी रोज त्या कागदाकडे बघून स्वयंपाक करायची आणि आल्यागेल्याला सांगायची, “आमच्या भाचीनं लिहून दिलंय, पुण्याला तेच शिकते ती.”

मी तेच शिकत नव्हते. मी बी.एस्सी. रसायनशास्त्राला होते आणि ‘पोषण व आहारशास्त्र’ हा माझा मायनर होता. या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते मला कळलं, तेव्हा मामा सोलापूरला आयसीयूत होते.

आधी थोडं मागचं सांगते. २०२३ च्या ‘नीट’मध्ये मला ७२० पैकी इतके कमी मार्क पडले की रिपीटचा विषयही घरात निघाला नाही. केमिस्ट्री बरं जमायचं, म्हणून पुण्यातल्या एका स्वायत्त महाविद्यालयात प्रवेश घेतला. स्वायत्त महाविद्यालयांमध्ये नवं शैक्षणिक धोरण त्याच वर्षी सुरू झालं होतं. आमच्या घरातच काय, काउंटरवरच्या क्लार्कलाही मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह ही भानगड नीटशी माहीत नव्हती. “मेजर म्हणजे तुमचा मेन विषय. मायनर म्हणजे जोडीला दुसरा. लवकर भरा, मागं लाइन आहे,” इतकंच तो म्हणाला.

अर्जातला तो रकाना मी दहा मिनिटांत भरला. पुढे भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, संख्याशास्त्र आणि पोषण असे पर्याय होते. माहितीपत्रकात पोषणापुढे कंसात ‘आहारसल्लागार म्हणून संधी’ असं छापलेलं. हुकलेला पांढरा कोट मागच्या दाराने मिळतोय असं वाटलं. बाबांनी विचारलं, “ह्याचं पुढं काय होतं?” मी म्हटलं, “डाएटिशियन.” बाबांचं समाधान झालं. माझं तर आधीच झालेलं होतं.

विषय मात्र फार गोड निघाला, हे कबूल करायला हवं. आमची प्रयोगशाळा म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरच होतं. ठरलेल्या मापाच्या वाट्या, चमचे आणि एक इलेक्ट्रॉनिक काटा. डाळ आधी कोरडी मोजायची, मग शिजवून. सगळ्यांनी आपापल्या घरच्या भाकरीचा आकार आठवून भाकरी थापायची आणि वजन करायचं. माझी भाकरी कोकणातल्या मुलीच्या भाकरीच्या जवळपास दुप्पट भरली, तेव्हा ‘दोन भाकऱ्या खातो’ हे उत्तर किती कुचकामी आहे ते सगळ्यांना एकदम कळलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेले, ५२८ खाद्यपदार्थांचे तक्ते उघडून आम्ही प्रथिनं, लोह, पोटॅशियम शोधत बसायचो. भाजी चिरल्यावर धुऊ नये, शिजवलेलं पाणी फेकू नये, नाहीतर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं जातात, हे तर वहीच्या पहिल्या पानावर होतं. दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ. पोटॅशियम रक्तदाबाला चांगलं. सगळं खरं होतं आणि आजही खरंच आहे. फक्त ते धडधाकट माणसाबद्दल आहे, एवढी एक गोष्ट माझ्या डोक्यात कुठे नोंदली गेली नव्हती.

शिकवणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. दुसऱ्या वर्षी त्यांना दुसरीकडे कायम नोकरी मिळाली आणि त्या गेल्या. ‘उपचारात्मक आहार’ हा दोन क्रेडिटचा पेपर आम्हाला शेवटी दुसऱ्याच विभागातल्या सरांनी पीपीटीवरून शिकवला. मूत्रपिंडाच्या आजारावर त्यात दोन स्लाइड होत्या. परीक्षेला पाच मार्कांचा प्रश्न आला, त्यात मला चार मिळाले.

२०२५ च्या गौरी-गणपतीत मी बार्शीला गेले. मामा एसटीतून निवृत्त झालेले. रक्तदाब जुना, आणि दोन वर्षांपासून मूत्रपिंडं थोडी मंदावलेली. त्यांनीच फाइल माझ्यापुढे टाकली. “बघा डॉक्टरीणबाई, काय खाऊ आम्ही?” क्रिएटिनिन २.६. गोळ्यांमध्ये टेल्मिसार्टन. मी सगळं वाचलं, मान हलवली आणि फुलस्केप मागितला.

सहा आठवड्यांनी, दिवाळीच्या आधी, मामांना उठता येईना. पाय गळाल्यासारखे झाले होते आणि छातीत कसंतरी होत होतं. सोलापूरला नेल्यावर रक्त तपासलं, तर पोटॅशियम ६.४. निरोगी माणसाचं साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असतं. ईसीजी बिघडलेला. डॉक्टरांनी आधी कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन दिलं आणि मग ग्लुकोजबरोबर इन्शुलिन. मामी घाबरून मला विचारत होती, “अगं, ह्यांना शुगर नाही, मग इन्शुलिन कशाला?” रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलायला ते देतात, हे मला तिथल्या नर्सने सांगितलं. माझ्या वहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाई आल्या. पन्नाशीच्या, हातात साधी डायरी. त्यांनी मामीला सकाळपासून रात्रीपर्यंत काय-काय देता ते विचारलं. शहाळं आलं तेव्हा त्यांनी पेन थांबवलं. “रोज?” मामी म्हणाली, “रोज.” मग मीठ कुठलं, हे विचारलं. पिशवीत डबा होताच. त्यांनी तो उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि माझ्याकडे दिला. सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड.

पोटॅशियम क्लोराइड! आमच्या प्रयोगशाळेत डावीकडून तिसऱ्या कप्प्यात त्याची बाटली असते. तीन वर्षांत ते मी किती वेळा तोललं असेल याची मोजदाद नाही. सोडियम कमी केलं तर खारटपणा कुठून आणणार, हा प्रश्न केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही पडायला हवा होता. माझ्या मेजरला उत्तर माहीत होतं, पण मायनरने मेजरला विचारलंच नाही.

“हा चार्ट कुणी दिला?” बाईंनी विचारलं.

मामा पलंगावरून म्हणाले, “पेपरात आलं होतं.”

मी बाईंच्या मागून कॉरिडॉरमध्ये गेले आणि खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. इतकंच विचारलं, “क्रिएटिनिन किती होतं, माहीत होतं?” मी म्हटलं, “हो, २.६.” त्या म्हणाल्या, “मग?” त्या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. थकलेली मूत्रपिंडं पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत, टेल्मिसार्टनसारखी गोळी ते आणखी अडवते, आणि त्यावर मी शहाळं, केळं, टोमॅटो आणि ते मीठ रचलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जानेवारीत अशा पर्यायी मिठाची शिफारस केली, तेव्हा मूत्रपिंडाचे रुग्ण त्यातून स्पष्टपणे वगळले होते. ती बातमी मी वर्गाच्या ग्रुपवर टाकली होती. पुढची ओळ वाचली नव्हती.

मग बाईंनी मामीला भाजी करायला शिकवलं. बारीक चिरायची, भरपूर कोमट पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात उकळायची, तेही फेकायचं. मामीचा जीव वरखाली होत होता. जन्मभर भाजीचं पाणी आमटीत घालणारी बाई ती. आणि माझ्या वहीच्या पहिल्या पानावर जे लिहिलं होतं, त्याच्या नेमकं उलटं हे.

घरी आल्यावर मी एक हिशेब मांडला, तो तुमच्यासाठीही मांडते. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं म्हणजे ३०. माझा मायनर २० क्रेडिटचा, त्यातली १६ थिअरीची आणि ४ प्रॅक्टिकलची. म्हणजे २४० अधिक १२०, एकूण ३६० तास. आरोग्यसेवेतल्या अशा व्यवसायांसाठी संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आहारतज्ज्ञ हा व्यवसाय त्याच्या परिशिष्टात आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला त्या कायद्यात किमान ३६०० तासांचं शिक्षण सांगितलंय. माझं बरोब्बर एक दशांश. आणि त्या ३६० तासांत रुग्णालयात किती? शून्य. आम्ही एकदा बिस्किटांच्या कारखान्यात गेलो होतो.

नंतर मी दोन ठिकाणी आहारशास्त्राच्या एम.एस्सी.ची पात्रता विचारली. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं, “मॅडम, पदवीचा मुख्य विषय काय?” मुख्य विषय रसायनशास्त्र म्हटल्यावर पुढचं बोलणं संपलं. हा फोन मी २०२३ च्या जुलैत, तो रकाना भरण्याआधी करायला हवा होता. फोनला दोन मिनिटं लागली असती.

म्हणून यंदा बारावी झालेल्या आणि आरोग्याशी संबंधित मायनरकडे बघणाऱ्यांना माझं सांगणं आहे, शेवटाकडून सुरुवात करा. तुम्हाला पुढे ज्या दारातून जायचंय, त्या दारावरची पात्रता आधी वाचा. पदव्युत्तर प्रवेशाला मायनर चालतो का, किती क्रेडिट लागतात, की मेजरच तो विषय हवा? प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं, तेव्हा “ताईनं सांगितलं” यावर जाऊ नका. ताईच्या वेळी मायनर नावाची गोष्टच नव्हती.

दुसरं, माहितीपत्रक बाजूला ठेवून अभ्यासक्रमाची पीडीएफ मागा आणि प्रॅक्टिकल कुठे होतं ते शोधा. रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, काहीतरी असायला हवं. नसेल तर तो विषय माहितीचा आहे, सेवेचा नाही, आणि तसं समजून घेतलात तर काही वाईटही नाही. शिकवणारे कायम आहेत की तासिका तत्त्वावर, हेही विचारा. हा प्रश्न शिक्षकांचा अपमान करायला नाही. आमच्या मॅडम उत्तम शिकवायच्या, पण त्या जाणारच होत्या आणि त्यांच्याबरोबर विषयही गेला. विचारायचं झालं तर वरच्या वर्गात तोच मायनर घेतलेल्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा. प्रवेश समितीच्या टेबलावर खरं उत्तर मिळत नाही.

मानसशास्त्राचंही तेच आहे. माझ्या एका मैत्रिणीने त्याचा मायनर घेतला आणि दुसऱ्याच वर्षी इन्स्टाच्या बायोत ‘कौन्सेलर’ लिहिलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते हे तिला कळलं, तेव्हा हॉस्टेलमधल्या तीन मुली रात्री-बेरात्री तिच्यापुढे रडून गेल्या होत्या. तिने तो शब्द काढला. शहाणी आहे.

नुसती उत्सुकता असेल तर ओपन इलेक्टिव्हमधून दोन-चार क्रेडिटचा पेपर घ्या, मायनरची जागा खर्च करू नका. मायनर असा घ्या की तो मेजरच्या हाताला हात देईल. संख्याशास्त्र किंवा संगणकाच्या मुलाला सार्वजनिक आरोग्याचा मायनर शोभतो. रोगांच्या नोंदी आणि आकडे वाचायला तिथे माणसं लागतात आणि काही ठिकाणी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला इतर शाखांचे पदवीधरही घेतात. वाणिज्यच्या मुलीला रुग्णालय व्यवस्थापन उपयोगी पडेल. माझ्यासारखीने पोषण घेतलं तर नजर अन्नाच्या तपासणीकडे हवी होती, रोग्याच्या ताटाकडे नाही.

ते मी उशिरा का होईना केलं. सहाव्या सत्रातल्या प्रकल्पासाठी बाजारातली कमी सोडियमची मिठं आणली आणि फ्लेम फोटोमीटरवर त्यांतलं पोटॅशियम मोजलं. गाइड सरांनी विषय कसा सुचला विचारलं, तेव्हा “घरून” एवढंच सांगितलं. आता एम.एस्सी. रसायनशास्त्राला अर्ज केलाय. अन्नसुरक्षा अधिकारी पदाच्या पात्रतेत रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी आहे, नुसतं बी.एस्सी. केमिस्ट्री नाही आणि पोषणाचा मायनर तर मुळीच नाही. या वेळी अर्जाआधी नियम वाचला.

आणि एक. नातेवाईक तुम्हाला विचारणारच. मायनर घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लग्नात, बारशात, एसटीत कुणीतरी रिपोर्ट पुढे करेल. “मला यातलं कळत नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारा,” हे वाक्य तोंडपाठ करून ठेवा. म्हणायला जड जातं, मला तरी अजून जातं.

फ्रिजवरचा माझा कागद मामीने काढून टाकला, पण फेकला नाही. कपाटातल्या फाइलीत ठेवलाय, सहीसकट. फ्रिजवर आता सोलापूरच्या बाईंचा चार्ट आहे. गेल्या महिन्यात मामांचं पोटॅशियम ४.७ आलं.