वायूचे आकारमान शिकविताना

वरच्या इयत्तांत वायूंचे नियम शिकवून झाल्यावर शिक्षकांनी एक प्रश्न फळ्यावर लिहून पाहावा : बाटलीतील ६०० घनसेंटीमीटर हवा २७ अंश सेल्सिअसवरून ५४ अंशांपर्यंत तापविली व दाब तोच राहिला, तर तिचे आकारमान किती होईल? बहुतेक मुले १२०० असे उत्तर देतील. नियम त्यांस तोंडपाठ असतो. शून्य कोठून मोजावयाचे, हे मात्र कोणी सांगितलेले नसते.

अशा वेळी सूत्र पुन्हा घोकून घेण्याऐवजी प्रयोग करावा. रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी फुगा घट्ट बसवून ती गरम पाण्याच्या पातेल्यात उभी धरावी. पाणी शिक्षकांनी स्वतः ओतावे. ते उकळते नसावे, काच तडकते. फुगा हळूहळू ताठ होतो, परंतु त्यात आणखी एक बाटलीभर हवा आलेली नाही, हे मुलांस डोळ्यांनीच दिसते.

मग हिशेब. दाब कायम असता वायूचे आकारमान दर अंशास, शून्य अंशावरील आकारमानाच्या सुमारे १/२७३ इतके वाढते. (गे-ल्युसॅकने १८०२ मध्ये हा संबंध प्रसिद्ध करताना शार्लच्या आधीच्या कामाचा प्रांजळपणे उल्लेख केला.) शून्य अंशावर हवेचे २७३ वाटे मानावेत. २७ अंशांवर ते ३०० होतात, ५४ अंशांवर ३२७. बाटलीतील ३०० वाटे म्हणजे ६०० घनसेंटीमीटर. वाढलेले २७ वाटे म्हणजे अवघे ५४. फुग्यात शिरलेली हवा निवते, रबरही ताण देते, म्हणून प्रत्यक्ष वाढ याहून थोडी कमीच. वाटे समजले की अंशांत २७३ मिळवून केवल तपमान काढणे मुलांस जड जात नाही.

दाबाच्या बाबतीतही शून्य असेच फसविते. तपमान कायम असता दाब दुप्पट झाला की आकारमान निम्मे होते, हा बॉइलचा १६६२ मधील नियम. सायकलच्या ट्यूबचे उदाहरण येथे देऊ नये. पंप मारताना तीत नवी हवा शिरते. सुई नसलेली कोरी सिरिंज घ्यावी, दट्ट्या २० मिलिलिटरवर ठेवून तोंड बोटाने बंद करावे व दट्ट्या १० पर्यंत दाबावा. आतील दाब आता दोन वातावरणांइतका झाला, तरी हाताला जोर लावावा लागतो तो एकाचाच. दुसरे वातावरण बाहेरून दट्ट्यास ढकलीतच असते.