अनुदेशन संकल्पकाची मुलाखत : शिकवता येणे आणि शिकणे घडवणे

अनेक वर्षे अध्यापन केलेली व्यक्ती किंवा बँकेच्या प्रशिक्षण विभागात रमलेला एखादा अधिकारी जेव्हा मोठ्या कंपनीत ‘इन्स्ट्रक्शनल डिझायनर’ या पदासाठी अर्ज करतो, तेव्हा आपला अनुभव पुरेसा बोलका आहे अशी त्याची समजूत असते. मुलाखतीत मात्र वेगळीच परीक्षा होते. मराठीत या पदास अनुदेशन संकल्पक म्हणता येईल. कोणाला काय शिकवावे, कोणत्या क्रमाने व कोणत्या माध्यमातून, आणि ते शिकले गेले हे कशावरून ओळखावे, याचा आराखडा करणे हे त्याचे काम. वर्गापुढे उभे राहणे त्यात असेलच असे नाही.

या विषयाची पाठ्यपुस्तकी बाजू उमेदवार सहसा तयार करून येतात. विश्लेषण, संकल्पन, विकसन, अंमलबजावणी व मूल्यमापन या पाच पायऱ्यांची ‘ॲडी’ पद्धती 1975 साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी झालेल्या कामातून पुढे आली, ही माहिती घडाघडा सांगता येते. परंतु मुलाखत घेणाऱ्यांना पायऱ्यांची नावे ठाऊक असतात. उमेदवार पहिल्या पायरीवर किती वेळ थांबतो, हे त्यांना पाहायचे असते.

वाचकांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. समजा, मुलाखतीत असे सांगितले की, ‘रोखपालांना बनावट नोटा ओळखता याव्यात यासाठी एक तासाचा संगणकीय अभ्यासक्रम आखा.’ कच्चा उमेदवार लगेच जलचिन्ह, सुरक्षा धागा, हलती चित्रे यांविषयी बोलू लागतो. जाणता उमेदवार आधी विचारतो : सध्या चूक नेमकी कोठे होते? नोट ओळखू येत नाही, की ओळखल्यानंतरची कार्यपद्धती पाळली जात नाही? रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार काउंटरवर आलेली बनावट नोट ग्राहकास परत करायची नसते. तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करायची आणि ग्राहकास पावती द्यायची असते. संतापलेल्या ग्राहकासमोर रोखपाल इथेच अडखळत असेल, तर जलचिन्हाची सुंदर चित्रे काय कामाची? त्याला सराव हवा तो संभाषणाचा. आणि शाखेतील नोटा तपासण्याचे यंत्रच बंद असेल, तर कोणताही अभ्यासक्रम उपयोगाचा नाही. दुरुस्ती यंत्राची करावी लागेल.

हे शेवटचे वाक्य उच्चारताना उमेदवाराची जीभ अडखळते. ज्यांच्याकडे नोकरी मागायला आलो, त्यांनी अभ्यासक्रम मागितला असताना ‘तो कदाचित नकोच’ असे कसे म्हणावे? रॉबर्ट मेगर व पीटर पाइप यांनी 1970 सालच्या आपल्या पुस्तकात याच प्रश्नाची उकल केली आहे : माणसाला काम येत नाही, की येत असूनही ते त्याच्या हातून होत नाही? पहिल्या स्थितीत प्रशिक्षण उपयोगी पडते, दुसऱ्या स्थितीत बहुधा नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हे सांगण्याचे धाडस नसलेल्या संकल्पकाला नेमण्यात कंपनीचेच नुकसान आहे. मात्र सांगण्याची रीत असते. ‘आराखड्याआधी तीन-चार रोखपालांशी बोलण्याची परवानगी मिळावी’, एवढे म्हटले तरी मुद्दा पोहोचतो.

उद्दिष्ट कसे लिहिता, हा पुढचा कस. ‘बनावट नोटांविषयी माहिती होईल’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘शंभर नोटांच्या गड्डीतून संशयास्पद नोटा वेगळ्या काढील आणि त्यांची पावती अचूक तयार करील’ हे मोजता येते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेल्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या, म्हणजे प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन व फलनिष्पत्ती, इथे उपयोगी पडतात. बहुतेक उमेदवार ‘प्रशिक्षणार्थींना कार्यक्रम आवडला’ या पहिल्या पातळीवरच विसावतात.

सोबत न्यायच्या कार्यनमुन्यांबाबत एक सावधगिरी. पूर्वीच्या संस्थेसाठी केलेले अंतर्गत साहित्य परवानगीवाचून दाखवू नये. गोपनीयतेचे मोल बँक कर्मचाऱ्यांस सांगायला नको. शिक्षकाने आपलाच एखादा जुना पाठ घेऊन तो का व कसा बदलला, हे दोन पानांत मांडले तरी तो उत्तम नमुना ठरतो. स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट यांसारख्या प्रणाली येतात का, असे विचारले जातेच. जेवढे येते तेवढेच सांगावे.

अखेरीस ‘आपल्याला काही विचारायचे आहे का?’ असे म्हटले जाते. तेव्हा वेतनाकडे वळण्यापूर्वी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात : विषयतज्ज्ञांचा वेळ संकल्पकास कितपत मिळतो, आणि अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर तीन महिन्यांनी कामात काय फरक पडला, हे येथे कोणी पाहते का?