अंगठ्याने दिलेली साक्ष

पाठ : निर्गम 23:1, याकोब 3:5, मत्तय 25:35

मोबाइल हे यंत्र ख्रिस्ती मनुष्याने बाळगावे की नाही, असा प्रश्न आमच्या खेड्यांतील वडील मंडळी वारंवार विचारतात. यंत्रास पाप लागत नाही. त्यावर शास्त्रपाठ ऐकता येतो व ऊसतोडीस परजिल्ह्यात गेलेल्या मुलाची खुशाली कळते. ह्याविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही. परंतु ज्याचा मंडळीत फारसा विचार होत नाही असे एक कृत्य आहे. ते म्हणजे आलेला निरोप तसाच पुढे धाडणे.

देवगाव फाट्यावर गाडीची वाट पाहत उभा असलेला मनुष्य दहा निरोप वाचतो व त्यांतील चार पुढे लोटतो. आपण काही बोललो असे त्यास वाटत नाही, कारण त्याचे तोंड मिटलेले असते. तथापि निर्गमातील आज्ञा पाहा. तेथे मूळ इब्री भाषेत जे क्रियापद आहे, त्याचा अर्थ उचलणे, वाहून नेणे असा होतो. म्हणजे खोटी वार्ता रचणाराच तेवढा दोषी नव्हे, तर ती वाहणाराही दोषी आहे; आणि त्याच वचनात पुढे दुष्टाच्या हातात हात देऊन खोटा साक्षी होऊ नये असे बजाविले आहे. हाताचा उल्लेख आम्हांस फार लागू वाटतो.

ह्याचे फळ काय होते, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, असे निरोप त्या भागात मोबाइलवरून पसरले होते. 1 जुलै 2018, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याचे होते. लोकांस संशय आला. जमावाने त्यांस ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार होईपर्यंत मारिले. पाचही जण निरपराधी होते. ज्यांनी ते निरोप पुढे धाडले, त्यांतील पुष्कळांनी काठी हाती धरिली नसेल. पण ठिणगी लहान व रान मोठे, हे याकोबाने सांगितलेच आहे.

त्याच वर्षी एक चित्रफीतही देशभर फिरत होती. तीत मोटारसायकलवरील दोघे एका मुलास उचलून नेतात. वस्तुतः ती कराची शहरात, मुलांस जपावे म्हणून लोकांस सावध करण्यासाठी केलेली होती, आणि शेवटी ते दोघे मूल परत आणून ठेवतात. तो शेवट कोणी कापून टाकिला. चित्र डोळ्यांनी पाहिले म्हणून ते खरेच, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता मत्तयातील वचनाकडे येऊ. तेथे प्रभू स्वतःस परका म्हणवितो. आमच्या परभणी जिल्ह्यातील कुटुंबे कोयता घेऊन परमुलखी जातात, तेव्हा त्या गावांस ती परकीच असतात. बायबलांची पिशवी घेऊन अनोळखी वस्तीत शिरणारा आमचा उपदेशक तरी दुसरा कोण आहे? जी अफवा आज दुसऱ्याच्या दारी गेली, ती उद्या त्याच्या वाटेवर उभी राहील.

उपदेशकांनी घरोघरी जाताना हे शिकवावे. निरोपावर दोन बाणांची खूण असली, तर तो पुष्कळ हातांतून आला आहे एवढेच समजावे; पुष्कळांनी पाठविला म्हणून तो खरा ठरत नाही. जुलै 2018 मध्ये व्हॉट्सॲप चालविणाऱ्या कंपनीने एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी धाडता यावा अशी मर्यादा हिंदुस्थानात घातली. पण पाच घरांस आग लावण्यास तेवढे पुरे आहे. ज्याने निरोप धाडला त्यास, "तुम्ही हे स्वतः पाहिले काय? कोठे? केव्हा?" असे विचारावे. उत्तर न मिळाल्यास तो तेथेच थांबवावा. मूल खरोखर हरविले असेल, तर पोलीस पाटलास सांगावे, किंवा 112 अथवा मुलांसाठी असलेल्या 1098 ह्या क्रमांकावर कळवावे. आणि खोटा निरोप आपल्याच हातून गेला असेल, तर नुसता पुसून टाकणे पुरेसे नाही. ज्या ज्या घरी तो गेला, त्या त्या घरी तो खोटा होता असे नावाने कळवावे, आणि शक्य असल्यास त्याच दिवशी.