आधी उजेड, मग सोफा

स्टॉकहोम, नोव्हेंबर

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझी खरेदीची यादी मिळाली. पांढरा सोफा, पांढरं टेबल, पांढरा गालिचा आणि पांढऱ्या भिंतीवर पांढरीच फ्रेम! अगं, गोथेनबर्गला घर मांडते आहेस की दवाखाना? यातलं काहीही इतक्यात घेऊ नकोस.

भिंती पांढऱ्या राहू देत, त्याला कारण आहे. डिसेंबरात तुझ्याकडे जेमतेम साडेसहा तासांचा दिवस, तोही बहुधा ढगाळ. खिडकीतून येईल तेवढा उजेड आतपर्यंत पोचावा म्हणून इथे भिंती आणि जमीन फिकी ठेवतात, जाड पडदे टाळतात. बाकी सगळं पांढरंच हवं, हे मासिकांनी पसरवलेलं खूळ. सवडीने डालार्नातल्या सुंडबॉर्नला जाऊन ये. चित्रकार कार्ल लार्सन आणि त्याची बायको कारिन यांना तिच्या वडिलांनी 1888 मध्ये तिथलं लाकडी घर दिलं. कार्लने त्या घराची जलरंगात चित्रं काढली, 1899 मध्ये त्यांचं पुस्तक आलं, आणि स्वीडिश घर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच येऊ लागलं. तिथे ठसठशीत लाल आहे, हिरवा आहे, कारिनने विणलेली कापडं आहेत. तीही शिकलेली चित्रकार; नाव मात्र नवऱ्याचं झालं. असो.

पहिला खर्च दिव्यांवर कर. छताच्या मधोमध एकच झगझगीत दिवा लावायची आपली सवय सोड. डेन्मार्कच्या पौल हेनिंगसेनने 1920 च्या दशकात तीन छत्र्यांचा दिवा केला, तो एवढ्यासाठीच की बल्ब डोळ्यांत खुपू नये आणि उजेड हवा तिथेच पडावा. तो महाग आहे, तुला नको. त्यातली युक्ती तेवढी घे. जेवायच्या टेबलावर दिवा इतका खाली सोड की टेबलापासून साधारण साठ सेंटिमीटर राहील. एक वाचायच्या खुर्चीपाशी, एक खिडकीत. बल्ब 2700 केल्व्हिनचे, पिवळसर उजेडाचे.

टेबल लाकडाचंच घे, पण जुनं. सेकंड-हँड दुकानात बर्च किंवा ओकचं भक्कम टेबल नव्या प्लायवूडच्या भावात मिळतं. वॉर्निश नसलेल्या फिक्या लाकडाला इथे साबण लावतात. तू हसशील, पण करून बघ. साबणाचा चुरा गरम पाण्यात विरघळव, निवू दे, फडकं पिळून लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसून काढ. वाळल्यावर पृष्ठभाग जरा खरखरीत लागेल. बारीक सँडपेपर अलगद फिरव आणि पुन्हा साबण. असं चार-पाच वेळा केलंस की लाकूड पिवळं न पडता मऊ, दुधी दिसायला लागतं. पुढे अधूनमधून तेच करत राहायचं. मात्र आमटी सांडली तर लगेच पूस. हळदीचा डाग उन्हात बराच फिकट होतो, पण तुझ्याकडचं ऊन आता एप्रिलपर्यंत उधार!

गालिच्याऐवजी ‘त्रासमत्ता’ बघ. नावावर जाऊ नकोस, त्रास काही नाही. जुन्या कपड्यांच्या चिंध्या विणून केलेली ती लांबट सतरंजी असते. पातळ असते, झटकता येते, आणि चपला बाहेर काढणाऱ्या घरात पायांना बरी वाटते. चपला इथेही बाहेरच काढतात. आजीची गोधडी पेटीतून काढून सोफ्यावर टाक. तिचे रंग घराला ‘शोभणार नाहीत’ ही भीती काढून टाक.

स्वयंपाकघरात उघडी फळकुटं लावू नकोस. फोटोत छान दिसतात. पण रोज फोडणी करणाऱ्या घरात आठवड्याभरात बरण्यांवर तेलकट धूळ बसते. दारांची कपाटं आहेत तीच ठेव.

सोफ्याचं जानेवारीनंतर बघू. महिनाभर राहिलीस की कुठे बसावंसं वाटतं ते आपोआप कळेल. मला वाटतं, खिडकीजवळच. तोवर टेबलाच्या जागी छताला दिव्याचा हूक आहे का ते बघ, नसला तर घरमालकाला विचारल्याशिवाय भोक पाडू नकोस. आणि जेवणघराची लांबी-रुंदी कळव, म्हणजे इथल्या दुकानांत टेबल शोधायला लागते.

तुझी,
मावशी