लम्पी गोठ्यात येते ती माशीवर बसून, नाहीतर टेम्पोतून

पाऊस उघडझाप करतोय, उकिरडे भिजून फुगलेत, आणि राहाता-संगमनेरपासून कर्जत-जामखेडपर्यंत एकच विचारणा आहे : लम्पी परत येणार का? अहो, ती गेली कुठे होती? ऑगस्ट २०२२ मध्ये जळगावच्या रावेर तालुक्यात दिसली आणि पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत आपल्या गोठ्यांत शिरली. राज्यभरचे जनावरांचे बाजार बंद करावे लागले. पुढच्या वर्षी तिने वासरं-कालवडी गाठल्या. ताप, अंगभर गाठी, पायाला सूज, आटलेलं दूध ही लक्षणं आता सांगायला नकोत. दावणीला बांधलेली जनावरं तुम्ही त्यात पाहिली आहेत.

लसीचं आधी. शेळ्यांच्या देवीची लस गाईला का टोचता, हा प्रश्न अजून येतो. दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले आहेत, म्हणून ती लस गाईला उपयोगी पडते. शेळीला मात्र लम्पी होत नाही, तेव्हा शेळ्यांची काळजी सोडा. लस अंगी लागायला साधारण तीन आठवडे जातात. शेजारच्या गोठ्यात गाठी दिसल्यावर धावत येणाऱ्याच्या गाईच्या अंगात तोवर रोग मुरलेलाही असतो. मग आठ-दहा दिवसांनी गाठी येतात आणि गावभर होतं, 'लशीनंच झालं.' शेजारी रोग येण्याची वाट न पाहता टोचून घेतली असती, तर लशीला बोल लागला नसता. लसवंत गाईचं वासरू चार महिन्यांचं झालं की त्यालाही टोचा. 'लहान आहे, पुढच्या वेळी बघू' म्हणून राहिलेली वासरंच २०२३ मध्ये जास्त भोगली.

आता माशी. हा रोग एका जनावरातून दुसऱ्यात नेतात त्या रक्त पिणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड. गोठ्यातली चावरी माशी दिसते घरमाशीसारखी, पण सोंड टोकदार असते. ती बसते पायांवर. गाई दिवसभर पाय आपटत असतील, तर ती तिथे आहे असं समजा. ती अंडी घालते ओल्या शेणात, गव्हाणीखाली कुजलेल्या वैरणीत, मूरघासाच्या खड्ड्याकडेच्या सांडलवंडीत. अंड्यापासून माशी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा गव्हाणीखालचं खरवडून काढलं तरी पिढी तुटते. हे काम कोणी करत नाही. सगळे करतात तो संध्याकाळचा कडुनिंबाचा धूर. धुरानं डास थोडे पांगतात, पण ही माशी चावते भरदिवसा. मुक्त संचार गोठा केला म्हणजे साफसफाईतून सुटका झाली, असं मानणारेही आहेत. तिथे शेण वाळतं खरं, पण पाण्याच्या हौदाभोवतीचा चिखल बारमाही असतो. देशी कोंबड्या असतील तर उकिरड्यावर मोकळ्या सोडा. त्या अळ्या वेचतात, तेही फुकटात.

गोचिडांवर फवारणी करायचीच, पण कांद्याच्या औषधानं नाही. राहाता तालुक्यातल्या एका वस्तीवर पिकावरचं उरलेलं कीटकनाशक पंपात घालून गाई धुतल्या होत्या. मी पोहोचलो तेव्हा एक गाय लाळ गाळत थरथरत पडली होती, दुसरी मेली होती. लम्पीचा मागमूसही नव्हता. जनावराचं औषध वेगळं, त्याचं प्रमाण वेगळं. दवाखान्यात विचारा, आणि गोठ्याच्या भिंतींच्या फटीही फवारा. गोचीड अंडी तिथेच घालतो.

दुसरा लाडका उपाय जळक्या ऑइलचा. फुटलेल्या गाठीवर ते चोपडलं की कातडी आणखी भाजते. जखम जंतुनाशकाने स्वच्छ करा, माशी न बसणारं मलम लावा, पुरे. आणि औषध दुकानातून आणलेलं इंजेक्शन एकाच सुईनं दावणीतल्या सगळ्यांना देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, की माशीला जे काम करायला आठवडा लागेल ते त्यांनी पाच मिनिटांत केलं. या विषाणूवर नेमकं औषध नाही. ताप उतरवायचा, जखमेत दुसरा जंतू शिरू द्यायचा नाही, गाईला खातंपितं ठेवायचं. बसलेल्या गाईखाली वाळलेलं पाचट घाला आणि दिवसातून चार वेळा कूस बदला. यात घरच्या बाईमाणसाचा हात डॉक्टरपेक्षा जास्त लागतो. गळून पडलेल्या खपल्या जाळा, त्यांत विषाणू महिनाभराहून अधिक टिकतो. धार काढणारा निरोगी गाईंकडून आजारीकडे जावा, उलट नको. दूध उकळून प्या. हा रोग माणसाला होत नाही.

राहिला टेम्पो. लोणी, काष्टी, घोडेगाव, वाळकी, कुठल्याही बाजारातून आणलेलं जनावर २८ दिवस वेगळं बांधा. वेगळं म्हणजे त्याच पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला नाही. 'स्वस्तात पडली' म्हणून आणलेली गाय स्वस्त का पडली, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं. गाठी आलेल्या भागात पोळ्याची मिरवणूक काढू नका. बैलाला घरीच ओवाळा. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोडीच्या बैलांना कारखान्याकडे निघण्याच्या तीन आठवडे आधी लस द्या. एका फडावर पाच-पंचवीस जोड्या एकत्र येतात. गावचा वळू आजारी असेल तर गाय त्याच्याकडे नेऊ नका, वीर्यातूनही विषाणू जातो.

रोग लपवणं हा २००९ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण कायद्याचा धाक दाखवून थकलो. डेअरी दूध घेणार नाही म्हणून एका गावात गाठी आठ दिवस झाकून ठेवल्या. तोवर तीन वस्त्यांवर त्या दिसू लागल्या. मेलेलं जनावर ओढ्यात टाकू नका, आठ फूट खड्डा करून चुना घालून पुरा. पुरण्याआधी जनावरांच्या दवाखान्यात आम्हाला कळवा, कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि पंचनामा नसेल तर मदतीचा अर्जही पुढे सरकत नाही. अंगावर पहिली गाठ दिसेल त्याच दिवशी १९६२ वर फोन करा.